चिलापी, खडी आणि गुरुवार

श्री. समाधान नागोराव ओव्हाळ, वय वर्षे त्रेपन्न, राहणार सदनिका क्रमांक ब-३०४, आम्रकुंज सहकारी गृहरचना संस्था, वारजे, पुणे. शिक्षण : आयटीआय, फिटर. व्यवसाय : निरंक. संस्थेशी नाते : सभासदाचे वडील. वाहन : दुचाकी, एक, जुनी. संस्थेच्या कोणत्याही समितीवर नाहीत. संस्थेविरुद्ध तक्रार केल्याची नोंद नाही. उपद्रव : नाही.

आम्रकुंजच्या दप्तरी समाधानराव एवढेच होते. दप्तराला तरी दोष कशाला द्यायचा? आम्रकुंजात आंब्याचं झाडही नव्हतं. होतं ते पाया खणताना गेलं, नाव मागे राहिलं आणि ते विकायला उपयोगी पडलं.

समाधानरावांच्या नावाचंही थोडंफार तसंच. वडील नागोराव खडकीच्या डेपोत कामाला होते. त्यांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली आणि अठ्ठावन्न साली झालेल्या मुलाचं नाव समाधान ठेवलं. समाधान वडिलांना मिळालं होतं. मुलाला नाव मिळालं. मुलगा लहानपणापासून एका जागी बसला नाही. शाळेत बाकाचे स्क्रू काढायचा. मास्तरांनी दोनदा छडी मारली आणि तिसऱ्यांदा शाळेची घंटा दुरुस्त करायला दिली.

पुढे पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ते मेंटेनन्सला लागले. मेंटेनन्सवाल्याची नोकरी उलटी असते. सगळं सुरळीत चाललं असेल तर त्याचं नावसुद्धा कोणाला आठवत नाही. लेथ बंद पडलं की मॅनेजर नावामागे 'राव' लावून धावत येतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी सगळं मशीन-शॉप गप्प आणि मेंटेनन्सवाल्यांचा दिवस भरात. मशीन उघडायचं, पुसायचं, साचलेला चिकटा खरवडून काढायचा, ग्रीस भरायचं, परत बंद करायचं. शुक्रवारी पहिल्या पाळीला मशीननं हूं की चूं केलं नाही म्हणजे गुरुवार सार्थकी लागला. वर्षानुवर्षं समाधानरावांच्या अंगात हा वार असा मुरला, की बुधवारी संध्याकाळीच त्यांची बोटं शिवशिवायला लागत.

मग देश खुला झाला. खुल्या झालेल्या देशात आधी नव्या मशीन्स आल्या, मग त्यांना लागणारी कमी माणसं आली आणि २००३ साली कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. योजनेत स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती कामगारांची. समाधानराव पंचेचाळिसाव्या वर्षी पान्यांची पेटी घेऊन घरी आले.

त्याच देशात त्यांचा मुलगा धम्मदीप कॉम्प्युटर शिकला, हिंजवडीला लागला आणि त्यानं वारज्यात फ्लॅट घेतला. मुलगा गुणी होता. रोज रात्री दमून आला, की वडिलांना न चुकता सांगायचा, बाबा, तुम्ही आता आराम करा. पत्नी सुशीलाबाई महापालिकेच्या शाळेत शिकवत होत्या, त्यांना कोणी आराम करा म्हणत नव्हतं. त्या सकाळी डबा घेऊन निघाल्या, की समाधानराव आणि आराम असे दोघंच घरात उरत. दोघांचं जमलं नाही. समाधानरावांनी घरातला मिक्सर उघडला, पंखे उघडले, गीझर उघडला, दुरुस्त असलेल्या वस्तू पुन्हा दुरुस्त केल्या. शेजारच्या घरची बेल वाजली की हे दार उघडून तिचा आवाज बरोबर आहे का ते ऐकत. धम्मदीपनं नवा टीव्ही आणला तेव्हा सुशीलाबाईंनी त्याच्या मागच्या स्क्रूंवर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर पेनानं सही केली.

अशात ए विंगमधल्या पूर्वानं सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात सामुदायिक बाग करायची टूम काढली.

पूर्वाही हिंजवडीचीच. कामाचा ताण जावा म्हणून आणखी एखादं काम शोधायचं, अशा पिढीतली. मागचा कोपरा म्हणजे बिल्डर जे जे न्यायला विसरला ते सगळं असलेली जागा. तिनं इंटरनेटवर वाचलं होतं, की माती नसली तरी चालतं. खाली टाकीत मासे, वर खडीचे वाफे. मासे पाणी घाण करतात, पंप ते पाणी खडीत चढवतो, खडीवर वाढणारे जिवाणू त्या घाणीचं खत करतात, झाडं ते खातात आणि नितळ पाणी परत माशांकडे उतरतं. पहिल्या रविवारी अर्धी सोसायटी जमली. लोकांनी फोटो काढले, सूचना केल्या, पोहे खाल्ले. दुसऱ्या रविवारी सूचना करणारे तेवढे आले. तिसऱ्या रविवारी पूर्वा होती आणि समाधानराव होते.

त्यांना तेच हवं होतं. महिनाभर ते भंगारवाल्यांकडे असे जाऊ लागले, जशी बाकीची माणसं नातेवाइकांकडे जातात. लोणच्याच्या कारखान्यातले दोन निळे ड्रम आणले, उभे कापून त्यांचे चार वाफे केले. ड्रमांना कैरीचा वास होता. समाधानरावांनी तो घालवला आणि त्यात आठवडा गेला. जुन्या कूलरचा पंप मिळाला. बांधकामावरच्या फळ्यांची चौकट ठोकून तिची टाकी केली. वाफ्यांतून उतरणारा पाइप तुकड्या-तुकड्यांचा होता. एका जॉइंटवर त्यांनी सायकलची ट्यूब ताणून बांधली. टाकीच्या आत अस्तराला फ्लेक्स घातले. त्या सालात पुण्यात फुकट मिळणारी आणि कधी न संपणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. सगळ्यांत मोठा आणि धड होता सोसायटीचे चेअरमन हिंमतराव यांच्या पन्नाशीचा. तो उलटा घातला तर शिवण वर येत होती, म्हणून सुलटा घातला. शाई पाण्यात उतरू नये म्हणून वर जाड पारदर्शक प्लास्टिक पसरलं. हिंमतराव टाकीच्या तळाशी हात जोडून आडवे झाले.

हे हिंमतराव मूळचे इथलेच. आम्रकुंज उभी होती ते त्यांचं रान. रानाच्या बदल्यात त्यांना पैसे मिळाले, पाच फ्लॅट मिळाले आणि मोठी मिशी ठेवायला सवड मिळाली. ते एकदा येऊन बघून गेले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या आज्यानं ह्याच जागी वांगी काढली. त्याला मासं नव्हतं लागत." त्यांना त्या कोपऱ्यात दुसऱ्या गाडीचं पार्किंग हवं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं; ते स्वतः कधी बोलले नाहीत, गाडीच तशी लावत.

समाधानरावांनी कॉर्पोरेशनचं पाणी दिवसभर उघडं ठेवून त्यातला औषधाचा वास जाऊ दिला, टाकी भरली आणि खडकवासल्याकडच्या एका मासेवाल्याकडून चिलापीची बोटाएवढी पिल्लं पिशवीत घालून दुचाकीवरून आणली. वाफ्यांत पालक, पुदिना आणि मेथी लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी विचारलं, की माशांच्या पाण्यावरची मेथी शाकाहारी धरायची की कसं. पूर्वा विचारात पडली. समाधानराव म्हणाले, "काकू, शेणखतातली मेथी खाताना आपण म्हैस धरतो का?" काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. मेथीही नेली नाही.

इथवर सगळं झकास होतं, कारण इथवर काम होतं. आता पूर्वानं सांगितलं, की पाच-सहा आठवडे काही करायचं नाही. जिवाणू आपले आपण येतात, आपले आपण वाढतात. चिमूटभर खाद्य टाकायचं आणि बघत बसायचं.

समाधानराव बसले. पंपाची घरघर ऐकत, पालथ्या बादलीवर, दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी बादली बदलली. पाणी गढूळ झालं, पालक पिवळा पडला, मेथी वितीएवढीही होईना. काही बिघडलं म्हणावं तर बंद पडलेलं नाही, ठीक म्हणावं तर चाललेलं दिसत नाही. कारखान्यात अशा मशीनला काय म्हणत ते त्यांना आठवेना, कारण अशा मशीनला तिथं कोणी तसं राहू दिलंच नसतं. जेवताना ते मध्येच उठून खाली जाऊन येत. सुशीलाबाईंनी विचारलं, की मासे तुम्हाला हाक मारतात का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं आणि पुन्हा गेले.

आणि गुरुवार आला. पुण्यात गुरुवारी वीज जाते, दुरुस्तीसाठी. पंप गप्प झाला. सगळं आवार सुट्टीच्या दिवशीच्या शॉपसारखं शांत झालं. समाधानराव वाफ्याजवळ गेले, वरची खडी बाजूला केली आणि आत बघितलं. प्रत्येक दगडावर तपकिरी, बुळबुळीत चिकटा.

तो बघून त्यांना इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

त्यांनी वर जाऊन पेटी आणली. रोपं काढून ओल्या फडक्यात ठेवली. चारी वाफ्यांतली खडी उपसली, तारेच्या ब्रशनं घासली, ब्लीचिंगच्या पाण्यातून काढली, साध्या पाण्यातून काढली, उन्हात फळीवर ओळीनं वाळवली. पाइप आतून फडकं ओढून पुसले. संध्याकाळी वीज आली तेव्हा वाफे नव्यासारखे चमकत होते आणि समाधानरावांच्या कपाळावर काळा डाग होता, पूर्वी गुरुवारी असायचा तसा. त्या रात्री ते जेवताना एकदाही उठले नाहीत. सुशीलाबाईंना तेव्हाच शंका आली.

शनिवारी मासे वर येऊन आ वासायला लागले. रविवारी सकाळी उलटे झाले.

पूर्वा खाली आली, वाफ्यातली लख्ख खडी हातात घेऊन तिनं हुंगली. समाधानरावांनी सांगून टाकलं, की सगळा चिकटा होता, मी साफ केला. चिकटा म्हणजे कोणाचं तरी लक्ष नाही.

"काका," ती म्हणाली, "तो चिकटा म्हणजेच सिस्टम होती."

 समाधानरावांनी जाळीनं मासे काढले आणि कुंपणाशी खड्डा करून पुरले. मांजरांनी ते दुपारी उकरले. सुशीलाबाई म्हणाल्या, खडी धुऊन मासे मारणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा दोनदा केला.

मेलेल्या माशांचा वास चेअरमनांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. कमिटीची सभा झाली. हिंमतराव मात्र न्यायानं बोलले. त्यांनी पार्किंगचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, की ह्या कामाला सारखा एक माणूस बसून लागत असंल तर ती बाग न्हाय, कुणाचा तरी धंदा हाय, आणि सोसायटीच्या जागेत धंदा चालायचा न्हाय. आपलं आपण चालत असंल तर आमची हरकत न्हाय. वार्षिक सभेआधीच्या रविवारी कमिटी बघायला येईल. माणसाशिवाय चाललं तर ठेवू, नाही तर कोपरा मोकळा करू.

समाधानराव ही अट घेऊन जिना चढले. कोपरा राहायचा असेल तर त्याला आपली गरज नाही असं सिद्ध करावं लागणार होतं. आणि कोपरा हवा होता तो का, तर आख्ख्या वारज्यात आपली गरज असलेली तेवढीच जागा होती. आयटीआयमध्ये असला जॉब त्यांना कोणी शिकवला नव्हता. रात्री धम्मदीप म्हणाला, बरं झालं बाबा, सुटलात, आता आराम करा. समाधानराव उठून खाली गेले.

पूर्वानं नवी पिल्लं आणायचं ठरवलं, पण एका अटीवर, आणि ती अट तिनं त्यांना न सांगता सुशीलाबाईंना सांगितली. दुसऱ्या दिवशी पान्यांची पेटी जागेवर नव्हती. ती ए विंगमध्ये पूर्वाच्या घरी, चपलांच्या कपाटात गेली होती. सुशीलाबाईंनी नवऱ्याला समोर बसवून कबूल करून घेतलं, की मला विचारल्याशिवाय तिथं कशालाही हात लावणार नाही. शाळेत पोरांकडून घेतात तशी कबुली, हात पाठीमागे बांधून.

समाधानरावांना ते पटलं नव्हतं. त्यांनी पूर्वाला विचारलं, तुमच्याकडे मेंटेनन्स नसतो का? ती म्हणाली, असतो ना, पण चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हा आमचा पहिला नियम. आणि बिघडलं तर? मग सगळे रात्रभर जागतात. समाधानरावांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे तुम्ही लोक बिघडायची वाट बघत बसता. ती हो म्हणाली. एवढ्या पगारात तेही शक्य आहे, असं त्यांना वाटलं.

पुढचे आठवडे कसे गेले ते आम्रकुंजच्या वॉचमनला विचारावं. समाधानराव आवाराला प्रदक्षिणा घालत. टाकीपाशी आले, की हात पाठीमागे बांधून घेत. पहिल्या गुरुवारी वीज गेल्यावर तिथं थांबवेना, तेव्हा बस पकडून पिंपरीला गेले. कंपनीच्या जागी काचेची इमारत होती. गेटवरच्या पोरानं विचारलं, कोणाला भेटायचंय? समाधानरावांना कोणाचंच नाव सांगता येईना, म्हणून त्यांनी गेटच्या बिजागरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ही कुरकुरते. पोरगा म्हणाला, काका, कंप्लेंट ऑनलाइन टाका.

परत आले तेव्हा वीज आलेली नव्हती आणि मासे वर येऊन आ वासत होते. समाधानराव आहेत तसे ए विंगमध्ये गेले. पूर्वा त्या दिवशी घरूनच काम करत होती, लॅपटॉप मांडीवर घेऊन कोणा अमेरिकनाशी बोलत होती. तिनं हातानंच थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत, लॅपटॉपचा आवाज बंद करून म्हणाले, "श्वास कोंडलाय त्यांचा. हात लावू का नको, ते आत्ता सांग."

तिनं इंटरनेटवर वाचून काढलं. पंप बंद असला की पाण्यात हवा मिसळत नाही. पाणी उपसून उंचावरून ओतलं तर मिसळते. खडीला हात लावायचा नाही, पाइपला लावायचा नाही, मग्गा चालेल. सुशीलाबाईंनीही शाळेतून फोनवर मग्ग्याला परवानगी दिली.

तेव्हापासून गुरुवारी वीज गेली, की समाधानराव टाकीपाशी उभे राहत. मग्गा बुडवायचा, डोक्याइतका उंच न्यायचा, धार धरून ओतायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. खांदा भरून यायचा. बाल्कनीतून लोक बघायचे. कोणी म्हणालं, ओव्हाळकाका अभिषेकाला लागलेले दिसतात. समाधानराव म्हणाले, ज्याला अभिषेक करायचाय तो तळाशी आहे, अजून दिसत नाही.

मग एका आठवड्यात, कोणी काही न करता, पाणी निवळलं. पालक आधी हिरवा झाला, मग काळपट हिरवा. पुदिना ड्रमच्या बाहेर आला. चिलापी तळहाताएवढ्या झाल्या. समाधानरावांना याचा आनंद झाला का, हे सांगणं अवघड आहे. त्यांनी सुशीलाबाईंना एवढंच सांगितलं, की आपण काही केलं नाही आणि झालं. हे वाक्य त्यांनी दोन-तीनदा निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिलं. कुठल्याच सुरात ते त्यांना बरं लागलं नाही.

तपासणीच्या आधीच्या गुरुवारी मग्गा ओतताना त्यांना दिसलं, की जॉइंटवरची सायकलची ट्यूब तडकली आहे. संध्याकाळी पंप सुरू झाला तेव्हा तिथून थेंब पडायला लागला. पाच मिनिटांचं काम, पेटी असती तर. पण एका कबुलीनं मासे जगले होते. तिच्यावर पहिला ओरखडा आपणच काढायचा? ते हात पाठीमागे बांधून वर गेले. शुक्रवारी थेंब लवकर लवकर पडत होता. शनिवारी समाधानरावांनी सुशीलाबाईंपुढे विषय काढला आणि त्या वह्या तपासताना वर न बघता म्हणाल्या, "काही हात लावायला नको. उद्यापर्यंत दम धरा." त्यांनी धरला.

रविवारी कमिटी आली. पुढे हिंमतराव, मागे सेक्रेटरी आणि खजिनदार, त्यांच्यामागे सूचना करणारे. पूर्वानं बोलायला सुरुवात केली, की हे सगळं भंगारातून झालंय आणि एकदा लावून दिलं की आपलं आपण चालतं. समाधानराव अटीप्रमाणे लांब, कुंपणाशी उभे होते. त्यांनी आवाज ऐकला. बाकी कोणी ऐकला नाही. ट्यूब फाटल्याचा आवाज फार मोठा नसतो.

ते ड्रमच्या मागून गेले. चप्पल सुटली असावी तसे खाली बसले.

इकडे हिंमतराव टाकीवर वाकले होते. पाणी इतकं नितळ होतं, की तळातून हात जोडलेले हिंमतराव वर बघत होते. वरचे आणि खालचे दोघे बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. एक चिलापी सावकाश मिशीवरून गेली. कोणी हसलं नाही. पुण्यात अशा वेळी खोकतात. तिघं-चौघं खोकले.

"हे कुणी घातलं?" हिंमतरावांनी विचारलं.

पूर्वा म्हणाली, तळाला मजबूत काहीतरी हवं होतं.

हिंमतरावांनी यावर मिशी चाचपली. ज्या जागी गाडी लावायची त्या जागी आपणच असू, तर लावावी की नाही, असा काहीसा पेच त्यांच्या तोंडावर दिसला. मग ते मागे वळून सेक्रेटरींना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पाणी चांगलं हाय." आणि पूर्वाला म्हणाले, की साठीचा जरा बरा काढू, तवा बदला.

आम्रकुंज सहकारी गृहरचना संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने संमत झाला, तो असा : संस्थेच्या आवारातील मत्स्य-वनस्पती प्रकल्पाची कमिटीने प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली. सदर प्रकल्प पूर्णतः स्वयंचलित असून त्यास कोणत्याही प्रकारच्या मनुष्यबळाची आवश्यकता नाही, अशी कमिटीची खात्री झाली आहे. सबब प्रकल्प कायम ठेवण्यात येत आहे.

पाहणी चालू असताना समाधानराव ड्रममागे उकिडवे बसून फुटलेल्या ट्यूबवर अंगठा दाबून होते. सेक्रेटरींनी पुदिना खुडून पिशवीत भरला आणि मंडळी गेली, तोवर त्यांचा अंगठा बधिर झाला होता.